मोफत प्रशिक्षण चांगलंच आहे, पण पहिल्या महिन्याचं आधी विचारून घ्या

"पगार कितला शे? आन पोर रातले कोठे राही?"

एप्रिल २०२२ मध्ये आमच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये माझ्या मायनं मोफत नोकरी-प्रशिक्षणाच्या सेंटरच्या माणसाला हे दोनच प्रश्न विचारले. बाकीच्या बायका फोटो बघत होत्या. निळ्या गणवेशातल्या मुली, कॉम्प्युटरच्या रांगा, हातात प्रमाणपत्र. माय फोटोंकडे बघत नव्हती. ती आमच्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते आणि तिला रोजंदारी आधी ठरवून घ्यायची सवय आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, "दहा-अकरा हजार." दुसऱ्याचं मिळालं, "ते सगळं होतं तिकडे."

मी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून रुग्ण सहायकाचं प्रशिक्षण घेतलं, पुण्यात चौदा महिने नोकरी केली आणि आता दोंडाईच्यात एका छोट्या दवाखान्यात काम करते. गावातल्या मुली मला फोन करून विचारतात, जाऊ का? प्रत्येकीला अर्धा तास सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. सेंटरचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही. जी मुलगी पिशवी भरते आहे, तिला नीट कळावं एवढंच.

योजना केंद्र सरकारची, ग्रामविकास मंत्रालयाची. २५ सप्टेंबर २०१४ ला सुरू झाली. गावातल्या गरीब घरातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे आणि मुलींना वयात ४५ पर्यंत सूट आहे. देशपातळीवर निम्मा निधी अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी धरलेल्या असतात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, परीक्षा, सगळं फुकट. आपल्याकडे ही योजना उमेदमधून चालते, म्हणजे बचत गट चालवणाऱ्या त्याच अभियानातून. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आम्ही भिल्ल, शेती नाही. पण माझं नाव लागलं ते मायच्या बचत गटामुळे. गटातल्या बाईच्या घरातली मुलं पात्र धरतात. दारिद्र्यरेषेखालचं किंवा अंत्योदयाचं रेशन कार्ड असेल तरी चालतं, आणि घरातल्या कुणी आदल्या वर्षी रोजगार हमीवर १५ दिवस काम केलेलं असेल तरी चालतं. आमच्या गावात बऱ्याच जणींना वाटतं की जातीचा दाखला निघाला नाही म्हणजे संपलं. तसं नाही. दाखल्यासाठी साक्रीची नाहीतर शिंदखेड्याची फेरी मारत बसण्याआधी सीआरपी ताईला, म्हणजे गावातले बचत गट बघणाऱ्या उमेदच्या ताईला, रोजगार हमीचं जॉब कार्ड दाखवा. ती कौशल पंजीवर, म्हणजे योजनेच्या ऑनलाइन यादीत, नाव नोंदवते.

पहिली तक्रार इथलीच आहे. मोबिलायझर, म्हणजे गावोगाव मुली गोळा करणारा सेंटरचा माणूस, म्हणाला, "नर्सिंगचा कोर्स आहे." माझ्याबरोबरच्या निम्म्या मुली नर्स व्हायचं म्हणून आल्या. हा नर्सिंगचा कोर्स नाही. याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात. आपण इंजेक्शन देत नाही, सलाइन लावत नाही, गोळी स्वतःच्या मनानं देत नाही. रुग्णाला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, जेवू घालणं, ताप-नाडी बघून लिहिणं, कूस बदलणं, बेड लावणं, स्ट्रेचर नेणं हे आपलं काम. नर्स व्हायचं असेल तर एएनएम दोन वर्षांचं किंवा जीएनएम तीन वर्षांचं, त्याचा प्रवेश वेगळा, नर्सिंग परिषदेची नोंदणी वेगळी. आमचे तीन-चार महिने त्यात मोजले जात नाहीत. आमच्या बॅचमधली एक मुलगी हे दुसऱ्या आठवड्यात समजल्यावर दिवसभर रडली. बारावी सायन्स झालेली, हुशार. तिला गावातच खरं सांगितलं असतं तर तिनं एएनएमचा फॉर्म भरला असता, तिचं वर्ष गेलं नसतं.

आता शिकवण्याचं सांगते. इथे मला हात आखडता घ्यायचा नाही, कारण शिकवणं फार चांगलं होतं.

आखाजी (अक्षय तृतीया) झाली आणि आठवड्यात आम्ही नाशिकला गेलो. धुळे, मालेगाव करत लाल परीनं. बॅच ३५ जणींची. साक्री, शिरपूर, नवापूर, अक्कलकुवा, पेठ, सुरगाणा, सगळीकडच्या. पहिल्या रात्री कुणी अहिराणी बोलतंय, कुणी पावरी, कुणी मावची, कुणी कोकणी. आमच्यात समान काही असेल तर मोडकी मराठी. सकाळी बोटाचा ठसा देऊन हजेरी, मग प्रार्थना, मग वर्ग. रोज इंग्रजी आणि कॉम्प्युटरचा तास असायचाच, ट्रेड कोणताही असो.

आमच्या मॅडम आधी बरीच वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होत्या. त्यांची एक रीत होती. रोज आमच्यातली एक जण रुग्ण व्हायची. खोटं खोटं नाही, सकाळी नऊ ते एक तिनं बेडवरून उठायचं नाही. तिला पाणी दुसरीनं पाजायचं, तिचे केस दुसरीनं विंचरायचे, तिला चादरीसकट कुशीवर वळवायचं. माझी पाळी आली त्या दिवशी तिघींनी मला ओढत वर सरकवलं आणि पाठ खरचटली. मॅडमनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, हिचं वय वीस आहे म्हणून नुसती लाल झाली, सत्तरीच्या बाईची कातडी निघाली असती. मग चादर चारी बाजूंनी धरून, एक-दोन-तीन म्हणून, सगळ्यांनी एकदम उचलायचं शिकवलं. मी आजही "एक-दोन-तीन" मोठ्यानं म्हणते. दवाखान्यातली मावशी पण आता म्हणते.

पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर, खांद्याच्या मागे, डोक्याच्या मागे जखम होते. मॅडमनी भिंतीवर घड्याळाचं चित्र लावलं होतं. ८ वाजता उजवी, १० वाजता पाठ, १२ वाजता डावी. माझ्या आजीला लकवा झाला तेव्हा ती सात महिने खाटेवर होती. तिच्या कमरेला जी जखम झाली ती आम्हाला देवाची करणी वाटली. आम्ही तिच्यावर हळद लावत राहिलो. त्या घड्याळाच्या चित्रापुढे उभी राहून मला समजलं की आजीला दोन-दोन तासांनी वळवलं असतं तर ती जखम झाली नसती. हे ज्ञान गावात कुणाला नाही आणि ते शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. फक्त या एका गोष्टीसाठी सुद्धा मी या प्रशिक्षणाला चांगलं म्हणेन.

कचऱ्याच्या पिशव्यांवर दोन दिवस गेले. रक्तानं भिजलेला कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. सुईचं टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही. हात धुवायचे ४० ते ६० सेकंद, नखांपासून मनगटापर्यंत. मायचे हात हिवाळाभर मिरचीनं जळतात, ती रात्री त्यांना तेल लावून फडकं गुंडाळून झोपते. मी पहिल्यांदा हातमोजे घातले तेव्हा घरी फोन करून तिला सांगितलं की दोंडाईच्याच्या मेडिकलमध्ये हे मिळतात. तिनं आणले पण. मिरची खुडताना बोटं नीट चालत नाहीत म्हणाली, तरी संध्याकाळी चूल पेटवताना डोळे चोळले तर आग कमी होते.

बोलण्याचं मला फार भय होतं. शुद्ध मराठी बोलायला गेले की मध्येच "शे" आणि "नई" येई आणि नाशिकच्या मुली बघत. मॅडम म्हणाल्या, इंग्रजी शिक, मराठी सुधार, पण अहिराणी सोडू नकोस, हॉस्पिटलात कामाला येईल. तेव्हा मला ते समजूत घालणं वाटलं. पुढे काय झालं ते सांगते.

जेवणाबद्दल थोडक्यात. भात, डाळ, पोळी, एक भाजी. पोट भरायचं. आम्हाला कळण्याची भाकरी आणि ठेचा हवा असायचा. वॉर्डन बाईंनी रविवारी स्वयंपाकघर वापरू दिलं. कानबाईच्या रविवारी आम्ही खान्देशी मुलींनी नारळाला डोळे-नाक काढून कानबाई बसवली आणि रोट केले. त्या बाई पण बसल्या आमच्यात. एवढ्या एका गोष्टीनं दोन मुली घरी पळून जायच्या थांबल्या.

शेवटचे काही दिवस नाशिकच्याच एका हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, मग परीक्षा. परीक्षा घेणारा माणूस बाहेरून येतो, आपले शिक्षक गुण देत नाहीत. त्यानं मला बेडवर माणूस असताना चादर बदलायला सांगितली. मला ८३ टक्के पडले.

इथपर्यंत जर कुणी मला विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

१२ सप्टेंबर २०२२ ला आम्ही अकरा जणी पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात रुजू झालो. सेंटरचा माणूस सोडायला आला होता. त्यानं आमचे गेटवर फोटो काढले, एचआरच्या मॅडमशी ओळख करून दिली आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. संध्याकाळी सहाला पिशव्या घेऊन आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभ्या. हॉस्टेल स्टाफ नर्ससाठी होतं, आमच्यासाठी नव्हतं. मायच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

वॉचमन काका सांगलीकडचे होते. त्यांनी एका बाईचा पत्ता दिला. कॉट बेसिस. एका खोलीत सहा कॉट, एका कॉटचे महिना २,५०० आणि तेवढंच डिपॉझिट. मेसचे दोन वेळचे २,४००. रात्रपाळीला बस बंद झालेली असायची, तेव्हा चौघींनी मिळून रिक्षा. पगार महिन्याच्या १० तारखेला. म्हणजे १२ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरपर्यंत २८ दिवस हातात काहीच येणार नव्हतं आणि आल्यावर तो १९ दिवसांचाच पगार असणार होता. हा हिशोब आम्हाला गावात, नाशिकला, गाडीत, कुणीही करून दाखवला नव्हता. तीन महिन्यांत आम्हाला ईमेल पाठवायला शिकवलं. हे एका कागदावर दहा मिनिटांत झालं असतं.

मायनं निघताना ३,००० दिले होते. ते डिपॉझिट आणि चार दिवसांत संपले. मी फोन केला तेव्हा ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गटाची बैठक होती. तिथे तिनं उभं राहून सांगितलं की पोरगी पुण्यात अडकली. गटानं तिथल्या तिथे ५,००० कर्ज दिलं, शेकडा दोन रुपयांनी. सीआरपी ताईनं माझ्या खात्यावर टाकले. त्या पैशांवर मी पुण्यात टिकले.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बचत गट पण उमेदचे आणि प्रशिक्षण पण उमेदचं. एकाच घराच्या दोन खोल्या. एका खोलीतल्या माणसांनी मला पुण्याला पोहोचवलं आणि दुसऱ्या खोलीतल्या बायकांनी मला तिथे राहू दिलं. पण मधलं दार कुणी उघडलेलं नव्हतं, ते मायनं स्वतः ढकललं. जर प्रत्येक मुलीच्या मायच्या गटाला आधीच सांगितलं की या तारखेला पोरगी रुजू होणार, पहिल्या महिन्याला सात-आठ हजार लागणार, ग्रामसंघातून, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघातून, तेवढं बिनव्याजी नाहीतर कमी व्याजानं बाजूला ठेवा, तर कितीतरी मुली परत येणार नाहीत. आमचा ग्रामसंघ बियाण्याला देतो, बाळंतपणाला देतो, मयतीला देतो. नोकरीच्या पहिल्या महिन्याला सुद्धा देईल, कुणी मागितलं तर.

आमच्या अकरा जणींपैकी सहा दिवाळीपर्यंत परतल्या. एकीलाही काम जमलं नाही असं झालं नाही. वॉर्डच्या सिस्टर म्हणायच्या, या मुली चांगल्या तयार होऊन आल्यात. एकीच्या बापानं उचल घेतली होती आणि घरच्यांबरोबर तिला गुजरातला ऊसतोडीला जावं लागलं. दोघींकडे खोलीचे पैसे नव्हते. एकीच्या घरी रात्रपाळी ऐकून लोक बोलायला लागले. एक आजारी पडली, आणि सहावी पाचवी गेली म्हणून गेली. एकटीनं रिक्षा परवडत नव्हती.

योजनेत या काळासाठी पैसे आहेत, आणि हे प्रत्येकीला माहीत पाहिजे. नोकरी लागल्यावर महिना १,००० रुपये मदत मिळते. आपल्याच जिल्ह्यात नोकरी असेल तर दोन महिने, राज्यात दुसरीकडे असेल तर तीन महिने, राज्याबाहेर असेल तर सहा महिने. मला ३,००० मिळायचे होते. ते फेब्रुवारीत मिळाले, एकदम, रुजू झाल्यावर पाचव्या महिन्यात. तोवर सहा जणी गावी गेलेल्या होत्या. बाहेरगावी गेलेल्यांसाठी शहरात सहायता केंद्र असावं अशीही तरतूद आहे, पण आम्हाला त्याबद्दल कुणी बोललं नाही.

सेंटरचे फोन मात्र यायचे. महिन्याला एक, "पगाराच्या पावतीचा फोटो टाक." तीन महिने सलग नोकरी झाली की ती नोकरी लागली असं धरतात आणि सेंटरला पुढचा पैसा त्यावर मिळतो. नियम चांगल्यासाठीच केला आहे, नुसतं प्रमाणपत्र देऊन मोकळं होऊ नये म्हणून. पण फोनवर कुणी विचारलं नाही की जेवलीस का, खोली कशी आहे. नव्वद दिवस झाले आणि माझे फोन थांबले.

पगार ११,००० ठरला होता. पीएफचे १,३२०, ईएसआयचे (आजारपणाच्या विम्याचे) ८३, व्यवसाय कराचे २०० कापून हातात ९,३९७ यायचे. मायला मी पहिल्यांदा हा आकडा सांगितला तेव्हा तिला वाटलं मुकादमानं मध्ये खाल्ले. पीएफ आपलेच असतात हे तिला समजावायला दोन महिने लागले. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ झाला, तेव्हा ते २०० पण वाचायला लागले. माझ्या वेळच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान पगार ६,००० लिहिलेला होता, त्यामुळे कुणी साडेसहा-सात हजारांची नोकरी दाखवून "नियमात बसतं" म्हणालं तर ते नियमात बसतं, पण पुण्यात बसत नाही. कॉट, मेस आणि रिक्षा-बस धरून माझे सहा हजार जायचे. साडेतीन हजार राहायचे. त्यातले दोन हजार घरी पाठवून पाच महिन्यांत गटाचं कर्ज फेडलं.

आता अहिराणीचं. जानेवारीत वॉर्डमध्ये पारोळ्याकडचे एक आजोबा आले, मुलाकडे चिंचवडला आलेले, खुब्याचं हाड मोडलेलं. रात्री ते काहीतरी ओरडत होते आणि सिस्टरला वाटलं भ्रम झाला आहे. त्या डॉक्टरांना फोन लावणार होत्या. मी जवळ गेले. आजोबा म्हणत होते, "माले पानी दे व बाई, कव्हळनं मांगी ऱ्हायनू." नुसतं पाणी मागत होते, केव्हापासून. मी सिस्टरना विचारून चमच्यानं पाणी पाजलं आणि "कोन गाव व बाबा?" विचारलं. ते रडायला लागले. त्यानंतर खान्देशातला कुणी आला की मला त्या वॉर्डात बोलावायचे. नाशिकच्या मॅडमना मी फोन करून हे सांगितलं.

चौदा महिन्यांनी बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून मी परतले. इथे ९,००० मिळतात. खोली नाही, मेस नाही, एसटीला बायकांना अर्धं तिकीट. हातात पुण्याहून जास्त राहतं. पण दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी मला ठेवलं ते पुण्याच्या अनुभवाच्या पत्रावर, नुसत्या प्रमाणपत्रावर ठेवलं नसतं. त्यामुळे बाहेर जाऊच नका असं मी म्हणत नाही. वर्षभर जाऊन या, आणि हॉस्पिटल सोडताना अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय पिशवी उचलू नका. पीएफचा यूएएन नंबर पण लिहून आणा.

दुसऱ्या योजनांबद्दल विचारतात म्हणून थोडं. माझा भाऊ सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो आहे, दोन वर्षांचं. वेळ जास्त लागतो, पण पुढे भुसावळला रेल्वेत ॲप्रेंटिसचा फॉर्म भरता येतो. तिथे दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. कायम नोकरीची हमी नसते, पण रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत ॲप्रेंटिस झालेल्यांना २० टक्के जागा असतात. ज्या मुलाला घरचे दोन वर्षं थांबू शकतात त्यानं आयटीआयच करावं, माझं सरळ मत आहे. मावशीनं आरसेटीत शिलाईचं ३० दिवसांचं केलं. ती संस्था बँक चालवते, ते पण राहून-खाऊन मोफत आहे, आणि नोकरी नको, घरीच धंदा करायचा आहे अशांसाठी आहे. मावशी म्हणते की तिथे मशीनपेक्षा गिऱ्हाइकाशी भाव कसा बोलायचा ते जास्त शिकवलं, आणि नंतर दोन वर्षं विचारपूस करतात. खरोखर केली. २०२४ ला आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात शेजारचा मुलगा सरकारी कार्यालयात होता, बारावीवाला म्हणून महिना ६,००० मिळत होते. काम शिकला, पण मुदत संपली आणि घरी बसला. त्यात जायचं असेल तर पहिल्याच महिन्यापासून पुढची सोय बघा.

माझ्या कोर्सला शिकवण्याचे पाच तारे तसेच ठेवते. नोकरी लावून देण्याचे तीन. नोकरी लागल्यावरच्या सोबतीचा एक, आणि तो पण त्या उशिरा आलेल्या तीन हजारांचा.

गेल्या आठवड्यात गावात पुन्हा बैठक झाली. सेंटर दुसरं, माणूस नवा. माझी मावसबहीण जायची म्हणते आहे, तिलाही हाच ट्रेड हवा आहे. यावेळी मी ड्युटी बदलून बैठकीला गेले आणि माय पण आली. मी त्याला चार गोष्टी विचारल्या. हा नर्सिंगचा कोर्स आहे का? नोकरीच्या गावी पहिल्या रात्री कुठे झोपायचं आणि डिपॉझिट कोण भरणार? पगार कोणत्या तारखेला होतो? महिन्याचे १,००० कोणत्या महिन्यात खात्यावर येतील? पहिल्याला तो सरळ "नाही" म्हणाला, त्याबद्दल त्याला मानते. बाकी तिन्हींना म्हणाला की विचारून सांगतो. सीआरपी ताईनं ते तिन्ही प्रश्न ग्रामसंघाच्या वहीत त्याच्यासमोर लिहिले आणि खाली त्याची सही घेतली. मायनं बैठकीत ठराव मांडला की पोरीला रुजू व्हायच्या आधी ८,००० द्यायचे. दोघी-तिघी कुरकुरल्या, पण ठराव झाला, शेकडा एक रुपयानं.

मावसबहिणीची पिशवी मी भरून दिली आहे. दोन मोठे टॉवेल, कुलूप, आधार आणि पासबुकाच्या पाच-पाच झेरॉक्स, फोटो, ताप मोजायची काडी, आणि एका डब्यात ठेचा. त्या माणसाचा फोन अजून आलेला नाही. उद्या मी करणार आहे.